पर्समधलं पिल्लू, पदरातली जबाबदारी

२०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातली सगळी भटकी कुत्री पकडून निवाऱ्यात ठेवा, असा आदेश दिला आणि देशभर गदारोळ उठला. ११ तारखेचा हा आदेश २२ तारखेला मोठ्या खंडपीठाने बदलला. नसबंदी आणि लसीकरण करून कुत्री मूळ जागी सोडा, पिसाळलेली आणि अंगावर धावणारी मात्र सोडू नका, असं ठरलं. त्याच सुमारास आमच्या दादरला कबुतरखान्यावरून रणकंदन चाललं होतं. एकीकडे भूतदया, दुसरीकडे आरोग्य. टीव्हीवर दोन्ही बाजू तावातावाने भांडत होत्या.

या सगळ्या चर्चेत रस्त्यावरच्या कुत्र्याबद्दल सगळे बोलले. पण वेताच्या टोपलीत, गुलाबी रिबीन बांधून, हजारो रुपये मोजून घरात आणलेल्या वीतभर पिल्लाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. खरं तर रस्त्यावर आणि निवाऱ्यांत दिसणाऱ्या कुत्र्यांत अधूनमधून एखादं झिपरं शित्झू, एखादा धापा टाकणारा पग किंवा म्हातारं पॉमेरेनियनही असतं. ते काही रस्त्यावर जन्मलेलं नसतं. कुणीतरी ते हौसेने आणलेलं असतं आणि हौस फिटल्यावर सोडून दिलेलं असतं. २०२० मध्ये करोना कुत्र्यांपासून होतो, अशी खोटी अफवा पसरली, तेव्हाही अनेकांनी घरातली कुत्री बाहेर काढली होती.

मैत्रिणींनो, हा विषय महिलांच्या पानावर कशाला, असं वाटेल. कारण सोपं आहे. पिल्लू हवं असतं मुलांना, ते विकत आणतात बाबा, त्याचे फोटो काढते कॉलेजात जाणारी ताई. आणि पहिल्या आठ दिवसांनंतर त्याचं खाणं, पिणं, शी-शू, औषध-पाणी सगळं येतं ते घरातल्या बाईच्या पदरात. तिला आधी कुणी विचारलेलं नसतं.

जागा वाढली, हौस वाढली

लालबाग, परळ, गिरगावच्या चाळींत कुत्रं पूर्वीही असायचं. पण ते चाळीचं असायचं. जिन्याखाली झोपायचं, कुणाच्याही घरची शिळी भाकरी खायचं आणि अनोळखी माणूस दिसला की चार मजले जागे करायचं. त्याचं नाव वाघ्या नाहीतर मोती. आता चाळी पडून तिथे टॉवर उभे राहताहेत. वरळीच्या बीडीडी चाळींतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना २०२५ च्या ऑगस्टमध्ये नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांची खोली जाऊन ५०० चौरस फुटांचा फ्लॅट आला. नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळींचाही पुनर्विकास हाती घेतलेला आहे.

जागा वाढली की हौस वाढते, यात गैर काही नाही. आयुष्यभर दहा बाय सोळात काढलेल्या माणसाला आपल्या नातवाने कुत्र्याचं पिल्लू पाळावं असं वाटलं तर ते चूक कसं म्हणायचं? पण फ्लॅट लहान म्हणून कुत्रंही लहान, असा सरळ हिशेब लोक करतात. चिवावा, शित्झू, माल्टीज, यॉर्कशायर टेरियर, टॉय पूडल, पॉमेरेनियन, पग ही नावं आता मराठी घरांत सर्रास ऐकू येतात. आणि मुंबईची फॅशन सहा महिन्यांत सांगली-साताऱ्याला, चिपळूण-रत्नागिरीला पोचते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

जाहिरातीचाही हात यात मोठा आहे. २००३ मध्ये हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत एका लहान मुलाच्या मागेमागे धावणारा पग आला आणि बघता बघता घरोघरी त्याच्यासारखं पिल्लू हवं झालं. दिसायला गोड, पण त्याचं चपटं नाक हीच त्याची व्यथा आहे. श्वासाची वाट अरुंद असल्यामुळे आपल्या दमट उन्हाळ्यात या जातीला धाप लागते, थोडं धावलं तरी जीव घाबरा होतो. घोरणं आपल्याला गमतीचं वाटतं. ते बिचारं हवेसाठी झगडत असतं. नेदरलँड्समध्ये तर अशा अति आखूड नाकाच्या कुत्र्यांच्या पैदाशीवरच निर्बंध आले आहेत.

‘टीकप’ नावाची जातच नाही

विक्रेते सांगतात, ‘ताई, हे टीकप आहे, चहाच्या कपात मावेल, एवढंच राहणार.’ एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. ‘टीकप’ नावाची कुठलीही मान्यताप्राप्त जात जगात नाही. मुळात छोट्या जातीतली सर्वांत अशक्त, खुरटलेली पिल्लं निवडायची, त्यांची आपापसांत वीण करायची आणि आणखी खुरटी पिल्लं मिळवायची, असा हा व्यवहार. काही वेळा तर वयाने कमी असलेलं, आईपासून लवकर तोडलेलं पिल्लूच ‘टीकप’ म्हणून गळ्यात मारतात. त्याचं लहानपण म्हणजे जात नसते, ते उपाशी किंवा आजारी असतं.

आणि या पिल्लाच्या आईचा विचार आपण बायकांनी तरी करायला हवा. इतक्या लहान कुडीच्या मादीला बाळंतपण जड जातं, कित्येकदा सिझेरियन करावं लागतं. तरी पाळीमागून पाळी तिला व्यायला लावणारे लोक आहेत. पिंजऱ्यातच जन्म, पिंजऱ्यातच बाळंतपणं. अंगात बळ उरलं नाही की तिला कुठे सोडतात, कुणी विचारत नाही. आपल्या आजी-पणजीची बारा-बारा बाळंतपणं आठवून आपण हळहळतो. इथे तेच चाललंय, फक्त आई मुकी आहे.

याला कायदा आहे बरं का. केंद्र सरकारने २०१७ मध्ये कुत्र्यांच्या पैदाशीचे आणि विक्रीचे नियम केले. आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही. पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायला हवी. मादी दीड वर्षाची होण्याआधी तिला गाभण ठेवता येत नाही, आठ वर्षांनंतरही नाही, आणि आयुष्यात पाचापेक्षा जास्त वेळा नाही. २०१८ मध्ये पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठीही नोंदणीचे नियम आले. म्हणजे क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरात घ्या की तुमच्या तालुक्याच्या गावी घ्या, ‘नोंदणीचं प्रमाणपत्र दाखवा आणि पिल्लाची आई दाखवा,’ एवढं विचारायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. साडी घेताना आपण पदर, काठ, उलटी बाजू सगळं बघतो. इथे तर जीव घ्यायचाय. आई दाखवायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडून घेऊ नका. एसटीच्या किंवा ट्रॅव्हल्सच्या गाडीतून खोक्यात घालून पार्सलने येणारं पिल्लू तर मुळीच नको.

आणखी एक. ‘नर असेल तरच द्या,’ असं सांगणारे लोक खूप भेटतात. मादी नको, कारण ती वर्षातून एक-दोनदा माजावर येते, रक्त सांडतं, घरात देव आहेत. पोटच्या मुलींच्या बाबतीत जे ऐकून आपण चिडतो, तेच इथे सहज बोलतो. योग्य वयात नसबंदी केली की हा प्रश्न मिटतो. शिवाय गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा आजार टळतो. वय आणि वेळ डॉक्टरांना विचारून ठरवावी.

पहिले तीन महिने

आता समजा, सगळा विचार करून पिल्लू आणलंच. तर पहिल्यांदाच कुत्रं पाळणाऱ्या घराने काय सांभाळायचं?

सर्वांत मोठा धोका उपासाचा. अगदी लहान जातीच्या पिल्लाच्या अंगात साठा असा नसतोच. चार-पाच तास पोट रिकामं राहिलं, थंडी वाजली किंवा खेळून दमलं, की रक्तातली साखर एकदम उतरते. पिल्लू मलूल होतं, झोकांड्या खातं, हिरड्या पांढुरक्या आणि गार पडतात, कधी झटके येतात. अशा वेळी बोटाने थोडा मध किंवा ग्लुकोजचं पाणी हिरडीला चोळावं, उबदार कपड्यात गुंडाळावं आणि तडक डॉक्टर गाठावा. शुद्ध नसलेल्या पिल्लाच्या तोंडात पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जातं. हे टाळायचं तर दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं खायला द्यायचं आणि शेवटचं खाणं आपण झोपायच्या आधी. म्हणजे सकाळी साडेसहाला सगळं घर कामाला बाहेर पडून संध्याकाळी आठला परतत असेल, तर त्या घराने हे पिल्लू आणू नये. हा निष्ठुरपणा नव्हे, ही दया आहे.

दुसरं, खाण्याचं. आपल्याकडे पिल्लू आलं की दूध-पोळी आणि बिस्किट सुरू. गाईचं दूध बऱ्याच पिल्लांना पचत नाही, जुलाब होतात. बिस्किटात मैदा आणि साखर, त्यात पोषण कसलं? पिल्लांसाठीचं तयार खाणं किंवा डॉक्टरांना विचारून उकडलेलं अंडं, चिकन, भात असं ठरवावं. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्ताला घातक असतो, म्हणजे आपली आमटी, रस्सा, वाटण बाद. मनुका, बेदाणे, द्राक्षं, चॉकलेट आणि बिनसाखरेचं च्युइंगगम ही त्याच्यासाठी विषंच. दोन किलोच्या पिल्लाला मोठ्या कुत्र्याइतकं विष लागत नाही; सत्यनारायणाच्या प्रसादातले चार बेदाणेही धोक्याचे ठरू शकतात. घरातल्या डब्यातली तापाची गोळी तर कधीच देऊ नका. कोंबडीचं शिजवलेलं हाड फुटून आतड्याला टोचतं, तेही नको.

तिसरं, हाडं. या पिल्लांचे पुढचे पाय काडीसारखे असतात. पलंगावरून, सोफ्यावरून, मुलाच्या हातातून पडलं की मोडतात. झोपाळा आणि जोरात लागणारी दारं सांभाळा. चाळीच्या गॅलरीचे गज इतके लांब असतात की पिल्लू सहज खाली जाईल. तिथे जाळी बांधून घ्या. आमच्या लालबाग-परळच्या घुशी चिवावापेक्षा मोठ्या असतात आणि घारी-कावळ्यांची नजरही असते, तेव्हा गच्चीत एकटं सोडू नका. गळ्यात पट्टा बांधून ओढू नका, श्वासनलिका नाजूक असते. छातीवरून बांधायचा पट्टा मिळतो, तो वापरा. सहा-सात वर्षांखालच्या मुलांनी जमिनीवर बसूनच पिल्लू हाताळायचं, असा घरात दंडकच हवा.

चौथं, लशी. सहा ते आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी, साधारण चार महिन्यांचं होईपर्यंत पार्व्हो आणि डिस्टेंपरच्या लशींचे डोस असतात. तीन महिन्यांच्या सुमारास रेबीजची लस, मग डॉक्टर सांगतील तसे पुढचे डोस. हे सगळं पुरं होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर फिरवू नका. पार्व्होमध्ये रक्ताची हगवण लागून वीतभर पिल्लू दोन दिवसांत हातचं जातं. पावसाळ्यात पाणी तुंबणाऱ्या वस्तीत लेप्टोची लसही महत्त्वाची. उंदीर-घुशींच्या मुतातून पसरणारा हा आजार कुत्र्याला होतो, तसाच माणसालाही. जंताचं औषध वेळेवर द्या. कुत्र्याचे जंत मुलांच्या पोटात जाऊ शकतात.

आणि हो, आपल्याच पिल्लाचा दात लागला तरी ‘घरचंच आहे’ म्हणून सोडून देऊ नका. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची, हळद-तिखट-चुना काही लावायचं नाही आणि त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस वाचणं जवळपास अशक्य असतं. वेळेवर घेतलेल्या लशीने मात्र तो टळतो.

सोसायटी, शेजार आणि गणपती

पिल्लू आलं की सोसायटीत कुरबुरी सुरू होतात. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्ये स्पष्ट केलं आहे की, बहुमताने ठराव करूनही सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. पण हक्काचा कागद दाखवताना कर्तव्याचा कागद घडी करून ठेवायचा नसतो. जिन्यात, फुटपाथवर, शिवाजी पार्कच्या कट्ट्यापाशी कुत्र्याने घाण केली तर ती उचलायची आपणच. सफाई करणारी ताईही कुणाची तरी आई असते. मुंबईत पाळीव कुत्र्याचा महापालिकेचा परवाना घ्यावा लागतो, त्याला रेबीजच्या लशीचं प्रमाणपत्र लागतं. तुमच्या नगरपालिकेत काय नियम आहे, तो विचारून घ्या.

आमच्या भागात गणपतीचे दहा दिवस म्हणजे ढोल, ताशे, फटाके. लालबागचा राजा १९३४ पासूनचा; तो उत्सव काही कुत्र्यासाठी थांबणार नाही आणि थांबावा असं मी म्हणतही नाही. पण आपल्याला दणदणाट वाटतो त्याहून कितीतरी जास्त कुत्र्याला ऐकू येतो. त्या दिवसांत आतल्या खोलीत, खिडक्या लावून, पंखा चालू ठेवून त्याला कोपरा करून द्या. मिरवणुकीत पर्समध्ये घालून मिरवायला नेणं हा शुद्ध छळ आहे.

डॉक्टर किती लांब?

याबाबतीत मुंबई भाग्यवान. या शहराचं कुत्र्यांशी नातंच जुनं. १८३२ मध्ये इंग्रजांनी भटकी कुत्री मारायचं फर्मान काढलं, तेव्हा फोर्टातले पारशी रस्त्यावर उतरले आणि शहराचा व्यवहार बंद पडला. पुढे १८७४ मध्ये प्राण्यांवरच्या क्रौर्याला आळा घालणारी संस्था इथे निघाली आणि पेटिट घराण्याच्या दानातून परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट हॉस्पिटल उभं राहिलं. जुने परळकर त्याला आजही ‘बैलघोडा हॉस्पिटल’ म्हणतात. शेजारी पशुवैद्यकीय महाविद्यालय आलं, १८८६ मध्ये. २०२४ मध्ये महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं छोट्या प्राण्यांसाठीचं हॉस्पिटल सुरू झालं.

पण तुमच्या गावी? तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातले डॉक्टर गाई-म्हशींचे जाणकार असतात, ते गरजेचंच आहे. पण दीड किलोच्या पिल्लाला सलाइन लावायला, भूल द्यायला वेगळी सामग्री आणि वेगळा सराव लागतो. पिल्लू आणण्याआधी रात्री अकराला झटका आला तर कुणाकडे जायचं, तो डॉक्टर किती किलोमीटरवर आहे, हे नक्की करा. उत्तर नसेल, तर ही जात आपल्या गावासाठी नाही. आपल्या हवेत वाढलेलं गावठी पिल्लू दत्तक घ्या. ते काटक असतं, हुशार असतं, फुकट मिळतं. दत्ताच्या तसबिरीत पायाशी बसलेली चार कुत्री आठवा, ती काही पर्समध्ये मावणारी नाहीत.

‘हो’ म्हणण्याआधी

पिल्लाची किंमत एकदाच द्यायची असते. खाणं, लशी, केस कापणं, दात, आजारपण हा खर्च बारा-पंधरा वर्षं चालतो. आज दहावीत असलेला मुलगा तेव्हा लग्न होऊन पुण्याला किंवा परदेशी असेल. त्या म्हाताऱ्या, अधू डोळ्यांच्या कुत्र्याजवळ कोण असेल? बहुतेक तुम्हीच. आणि त्याला तेव्हा रस्त्यावर सोडलं, तर १९६० च्या कायद्याने तो गुन्हा आहे. पण पहिल्या वेळचा दंड आहे फक्त १० ते ५० रुपये. साठ वर्षांपूर्वीचा तो आकडा तसाच राहिला आहे. वडापावच्या पैशांत जीव टाकून देता येत असेल, तर कायद्यावर विसंबून कसं चालेल? तो दंड वाढावा अशी मागणी आपल्या महिला मंडळांनी लावून धरायला हवी.

तोवर एक काम घरातच करता येईल. पिल्लू आणायच्या आधी सगळ्यांना जेवायच्या वेळी एकत्र बसवा आणि कागदावर लिहून घ्या: सकाळी कोण फिरवणार, दुपारी कोण भरवणार, घाण कोण काढणार, डॉक्टरकडे कोण नेणार, गावाला गेलो तर कुठे ठेवणार, खर्च कुणाच्या पगारातून. प्रत्येक ओळीपुढे ‘आई’ असंच नाव आलं, तर कागद फाडून टाका आणि सरळ ‘नाही’ म्हणा. चार नावं आली, तर कागद फ्रिजवर लावा आणि पिल्लाच्या आईला बघायला निघा.